शून्याखालची भोकं

नवितलाई कडं ठोकायला बसला की बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतोय.

पोलादाचं कडं जमिनीवर ठेवायचं. कड्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर हातोडा. घावात हाताचा जोर नको, हातोड्याचं वजन पुरे. जोर लावला की कड्यातली माती दबते. दबली की तिच्यातली भोकं मिटतात. आणि भोकं मोजायलाच तर आपण आलेलो असतो.

“मातीला कळता कामा नये आपण आलोय ते,” असं तो म्हणायचा. आणि कुणी घाईनं ठोकलं तर तेवढं कडं उपसून, माती झटकून, हातभर पलीकडं नव्यानं ठोकायला लावायचा. “ज्याला घामाच्या धारा लागल्यात तो चुकीचं ठोकतोय. ज्याला घामच नाही तो ठोकतच नाहीये.”

तरुणपणी त्यानं ऊस तोडला. मग सिंगातोका नदीकाठच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत गवत कापायला लागला, आणि तिथंच राहिला. गवतावरून फावडं, फावड्यावरून कडं, कड्यावरून ओव्हन आणि तराजू. साहेब आले, गेले. आताच्या मॅडम धनवंती आल्या तेव्हा त्यांचं शिक्षण नुकतंच संपलेलं. त्या त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणत, आणि काम चुकलं तर मामा म्हणूनच झापत.

प्रयोगशाळेची गाडी आइसाके चालवायचा. तो नवितलाईचा सख्खा आतेभाऊ. इकडं आते-मामेभावांना ‘तवाले’ म्हणतात, आणि तवाल्यानं तवाल्याची टर उडवायची ही रीतच आहे. नुसती मुभा नव्हे, कर्तव्य. उडवली नाही तर समोरच्याला वाटतं, घरी काही दुखणंखुपणं आहे की काय. आइसाके हे कर्तव्य सकाळी गाडी पुसण्याच्या आधी उरकायला लागायचा आणि संध्याकाळपर्यंत उरकत राहायचा.

त्याचा आवडता विषय नवितलाईची यंगोना. यंगोनाची मुळं सगळेच वाळवतात, कुटतात, फडक्यातून पाण्यात पिळून पितात, आणि जीभ बधिर झाली की चांगली म्हणतात. नवितलाई मुळं स्वतः कुटायचा आणि भुकटी दुधाच्या डब्यातून कामावर आणायचा. पहिली करवंटी प्यायली की आइसाके तोंड वाकडं करायचा.

“तवाल्या, मुळं धुतोस की तशीच कुटतोस? निम्मी माती आहे यात.”

“मग पिऊ नकोस.”

“पितो रे. नांगरटीचा खर्च वाचतो.”

त्या वर्षी दोघांमध्ये या थट्टेपलीकडचं एक प्रकरण उभं राहिलं.

जिल्ह्याचा रग्बीचा उपान्त्य सामना दरसाल आइसाकेच्या गावी, वाईनिकाला व्हायचा. गेल्या वर्षी तिथं असा चिखल झाला, की पंचांचा एक बूट मैदानात राहिला तो राहिलाच. मग रग्बीच्या कमिटीनं ठरवलं, या वेळी आधी मैदानांची माती तपासायची. एक वाईनिकाचं, दुसरं नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या यासिलेवूचं. ज्या मातीत भोकं जास्त तिथं पाणी लवकर जिरणार, आणि सामना तिथं.

यासिलेवू हे नवितलाईचं गाव. तिथलं मैदान त्यानं करवून घेतलेलं. दोन वर्षं कोरड्या हंगामात सगळं गाव नदीतली वाळू पाट्यांनी वाहत होतं. नुसती वाहून पसरायची नाही. कोपरभर खोल खणून मातीत मिसळायची. एकदा चर्चच्या गायनमंडळ आपल्या वाट्याची वाळू वरच्यावर पसरून मोकळं झालं. नवितलाईनं काठी खुपसून बघितली आणि पाद्र्यासकट सगळ्यांना परत खणायला लावलं. पुढं कित्येक रविवार त्याच्याकडं बघून ते मंडळ वरच्या पट्टीत गायचं.

“सामना आपल्याकडं येईल,” असं त्यानं गावाला सांगितलेलं. आला तर ठीक. नाही आला तर जन्मभर गाव त्याला वाळूच्या पाट्या ऐकवणार, आणि आइसाके तर मेल्यावरही सोडणार नाही.

वाईनिकाची कडी ठोकली त्या दिवशी ऊन होतं. यासिलेवूच्या दिवशी पाऊस लागला. मॅडम म्हणाल्या उद्या जाऊ. नवितलाई म्हणाला, पाऊस अंगावर पडतोय, कड्यात नाही. वर ताडपत्री धरायला आइसाकेला उभं केलं आणि मैदानाच्या पाच जागांवर सावकाश कडी ठोकली. ताडपत्रीचं पाणी आइसाके मोठ्या काळजीनं तवाल्याच्या मानेवर सोडत होता. परिणाम असा झाला, की कडी कोरडी राहिली आणि नवितलाईचं नाक गच्च बंद झालं. बायको वासेमादानं लिंबाच्या पानांचा काढा देऊन पाहिला. काढ्याचा वाससुद्धा त्याला आला नाही.

आता मातीची भोकं मोजतात कशी, हे थोडक्यात. एक वजन भोकांसकटच्या मातीचं. कड्यातली माती ओव्हनमध्ये पार सुकवायची आणि कड्याच्या मापावरून काढायचं. दुसरं वजन भोकांवाचूनच्या मातीचं. तीच माती कुटायची, चाळायची, अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर मंद उकळून तिच्यातली सगळी हवा घालवायची, आणि मग काढायचं. सारख्याच मापाला भोकांवाचूनची माती अर्थातच जड. दोन्हींत फरक जेवढा, तेवढी भोकं. मॅडमच्या अहवालात याला सच्छिद्रता म्हणतात. नवितलाई भोकंच म्हणायचा.

पहिलं वजन झालं. कडी वाळली, वजनं उतरली. मग नवितलाईनं यासिलेवूची सगळी माती खलात बारीक केली, चाळली आणि दुधाच्या रिकाम्या डब्यात भरली. प्रयोगशाळेचे धातूचे डबे केव्हाच संपले होते. नवे मागवलेत, असं तीन साहेबांपासून ऐकू येत होतं. झाकणावर त्यानं खिळ्यानं ओरखडून इंग्रजी वाय काढला. वाय म्हणजे यासिलेवू.

ओव्हनमध्ये खाण्यापिण्याचं काहीही ठेवायचं नाही, असा मॅडमचा सक्त हुकूम होता. पण पावसाच्या दमट हवेनं नवितलाईच्या यंगोनाच्या गोळ्या झाल्या होत्या. मॅडम फोनवर होत्या. त्यानं माती शेवटची एकदा सुकायला आत सरकवली आणि जाता जाता आपला डबाही शेजारी सरकवला. त्यावरही वाय होता. तो वाय म्हणजे यंगोना.

ओव्हनमधून दोन डबे निघाले. दोन्ही दुधाचे, दोन्ही गरम, दोन्हींवर वाय, दोन्हींत करडी बारीक भुकटी. एरवी नुसत्या वासावर त्यानं झोपेतसुद्धा ओळखलं असतं. पण नाक कामावर नव्हतं. एक डबा त्यानं आतल्या टेबलावर ठेवला, एक बाहेर चहाच्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कमिटी आली. शुक्रवारी दुपारी त्यांची बैठक होती आणि त्याआधी अहवाल हवा होता, म्हणून सहज डोकवायला आले म्हणाले. अध्यक्ष रातू इसिकेली म्हणजे दरवाजात शिरताना दरवाजालाच विचार करायला लावणारा माणूस. एकेकाळी पुढच्या फळीत खेळायचे. बरोबर दोघं सभासद. रातू, म्हणजे सरदार घराण्यातला माणूस, दारात आला आणि यंगोना पुढं केली नाही, असं होत नाही. मॅडमनी आइसाकेला खूण केली. आइसाकेनं तानोआ, म्हणजे यंगोना कालवायचं लाकडी पात्र, चटईवर मांडलं आणि फळीवरचा वायचा डबा उघडला.

“कुणाची आहे?” रातूंनी विचारलं.

“नवितलाईची, रातू. म्हणजे निम्मी यंगोना, निम्मी माती. आधीच सांगितलेलं बरं.”

सगळे हसले. आइसाकेनं अख्खा डबा फडक्यात रिकामा करून भुकटी पाण्यात मळली, पिळली, पुन्हा मळली. फडकं हाताला जरा जड लागलं. त्याला वाटलं, तवाल्यानं आज हात सैल सोडून भरली.

पहिली करवंटी रातूंना. त्यांनी पोकळ हातांची टाळी वाजवली, एका दमात प्यायले, आणि सगळे रीतीप्रमाणे ओरडले, “रिकामी!”

रातूंनी ओठ पुसले. जीभ टाळूवरून फिरवली.

“जिभेला फारशी लागत नाही,” ते म्हणाले, “पण पोटात बसते. वजनदार आहे. भर.”

मॅडमनीही मान राखायला अर्धी करवंटी घेतली. सभासदांनी दोन-दोन घेतल्या. रातूंनी चार. आइसाकेनं उरलेलं पात्र तिरपं करून संपवलं. तळाला जरा गाळ राहिला. “बघा,” तो म्हणाला, “मी काय सांगत होतो?” आणि सगळे पुन्हा हसले. फडक्यातला चोथा त्यानं मागच्या दारी पपईच्या बुडाशी झटकला.

या सगळ्या वेळात नवितलाई आतल्या खोलीत बाटलीसमोर बसला होता. उकळायला लागल्यावर बाटलीला फेस आला. असा फेस त्यानं मातीला कधी पाहिला नव्हता. त्यानं विस्तव कमी केला आणि मनाची समजूत घातली, की खेळाडूंचा घाम असेल. फेस बसेपर्यंत हलला नाही. बाटली थंड केली, काठोकाठ भरली, पुसली, वजन केलं. मग दुसरी बाटली तशीच. दोन्ही वजनं अगदी जुळली. असं जुळलं की त्याला बरं वाटायचं. आकडे मॅडमच्या टेबलावर ठेवून तो चहा प्यायला बाहेर आला. कमिटी नुकतीच गेली होती.

मॅडमनी गणित केलं. खोडलं. परत केलं. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मामा, यासिलेवूची भोकं उणे तीन आलीत.”

“तीन? शंभरात तीनच?”

“तीन नाही. उणे तीन. शून्याच्या खाली.”

नवितलाईचा कप तसाच राहिला. आइसाके मात्र भिंतीला टेकून बसला होता तो हळूहळू सरळ झाला. असा दिवस तवाल्याच्या जन्मात एकदाच येतो.

“म्हणजे कसं मॅडम?” त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं. “भोकं नाहीत, वर आणखी तीन देणं लागतात?”

“भोकांसकटची माती भोकांवाचूनच्या मातीपेक्षा जड निघालीय. असं होऊच शकत नाही.”

“यासिलेवूला होऊ शकतं. ते गावच तसं आहे. तिथं पाऊस पडला की पाणी जमिनीत जात नाही मॅडम, जमीन पाण्यात जाते. तवाल्या, सामना तुमच्याकडंच घ्या रे! चेंडू उसळला की खाली यायचाच नाही!”

“गप बस.”

“दोन वर्षं वाळू वाहिली! पाद्र्याला खणायला लावलं! आणि फळ काय? उणे तीन!”

नवितलाईनं कप खाली ठेवला. गायनमंडळ डोळ्यांपुढं उभं राहिलं होतं. उठून तो आत गेला. मॅडम आणि मागोमाग आइसाकेही गेला. तो कसला बाहेर राहतोय.

“वजन चुकलं असेल,” मॅडम म्हणाल्या.

“दोन्ही बाटल्या जुळल्यात.”

“मग कडी जास्त ठोकली गेली असतील. माती दबली असेल.”

हे बोलणं त्याला लागलं. उणे तीन परवडलं, पण हे नाही. त्यानं बाटलीचं बूच काढलं, गढूळ पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. माती चिकण की रेताड हे तो दातांखाली धरून सांगायचा, जुनी सवय. दातांखाली काहीच आलं नाही. थोडं थांबला. आणखी एक थेंब. मग हळूहळू जिभेचं टोक बधिर झालं.

त्यानं बाटली खाली ठेवली.

“मॅडम, हे मैदान नाही. ही माझी यंगोना आहे.”

“यंगोना बाटलीत कशी गेली?”

“डबा बदलला.”

“आणि ती डब्यासकट इथं टेबलावर कशी आली?”

आता ओव्हनचं सांगणं भाग होतं. त्यानं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पण तेवढ्यात त्यांच्या मनात दुसरा हिशोब झाला असावा, कारण डोळे उघडले ते एकदम मोठे.

“मामा, मग मैदान कुठंय?”

तिघांनी एकदम बाहेर बघितलं. चटईवर तानोआ पालथं घालून वाळत ठेवलं होतं.

पहिला आवाज आइसाकेचा निघाला. आवाज कसला, गाडी सुरू न होता जसं करते तसं काहीतरी. “मी… मी तर तळापासून पुसून प्यायलो!”

“रातू चार करवंट्या प्यायलेत,” मॅडम खुर्चीत बसल्या. “मी अर्धी.”

“मैदानाची पाहणी करायला आले होते,” नवितलाई म्हणाला. “झाली.”

आइसाकेनं पोटावर हात ठेवला. इतकी वर्षं तो तवाल्याच्या यंगोनात निम्मी माती आहे म्हणत होता, आणि खरीखुरी सगळी माती दिली तर त्याला कळली नाही. नवितलाईच्या हे लक्षात आलं होतं आणि त्यानं ते जपून ठेवलं. इतकी चांगली गोष्ट घाईनं वापरायची नसते.

मॅडमनी रातूंना फोन लावला. कसं बोलायचं याची तालीम केली होती, पण तोंडातून एवढंच आलं, “रातू, तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम!” फोनमधला आवाज खोलीभर घुमला. “कसली यंगोना ती! जेवलोही नाही अजून. भूकच नाही!”

मॅडमनी फोन ठेवला. “पपईखालचा चोथा घेऊ या?”

“बारीक चिकणमाती पोटांत गेलीय मॅडम. फडक्यात नुसती वाळू असेल.”

“दाण्याच्या वजनाला वाळूनं तसा फारसा फरक पडत नाही मामा.”

“पडत नसेल. पण ते यासिलेवूचं मैदान नाही. ते आइसाकेनं पिळलेलं यासिलेवूचं मैदान आहे.”

मॅडम जरा हसल्या. “बरोबर आहे. लिहितानाही मला लाज वाटेल. उद्या दुपारपर्यंत अहवाल हवा. आत्ता निघालात तर रात्रभर ओव्हनमध्ये सुकेल. फक्त ओव्हनमध्ये दुसरं काही दिसलं तर मामा, तुम्हालाच आत घालीन.”

आता गाडी. किल्ली आइसाकेकडं. त्यानं नुसतं म्हटलं असतं गाडी बिघडलीय, की सामना वाईनिकाला. नवितलाईनं त्याच्याकडं बघितलं आणि काही मागितलं नाही. तवाल्याकडं विनवणी करत नाहीत.

आइसाकेनं किल्ली बोटाभोवती फिरवली. “बघतोस काय? चल. तुला हरवायचंय मला, पण तुझं मैदान पिऊन नाही. लोक म्हणतील वाईनिकावाले भुकेले होते.”

यासिलेवूच्या मैदानावर पोहोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. आइसाकेला वाटलं, एक पिशवीभर माती उचलायची आणि निघायचं. मॅडमही तेच म्हणाल्या होत्या; कड्यांची वजनं हातात होती, दुसऱ्या वजनापुरते मातीचे नुसते दाणे हवे होते. पण नवितलाईनं गाडीतून कडी काढली. ठोकळा काढला.

“अरे मूठभर माती हवीय फक्त!”

“ज्या कड्यातली भोकं, त्याच कड्यातले दाणे. भोकं एकाची आणि दाणे दुसऱ्याचे असं करत नाही मी.”

“नदीला पाणी चढलंय वर. पूल बुडाला तर?”

“मग बोलत बसू नकोस. पलीकडचं गवत खरवड.”

आइसाके गवत खरवडायला बसला. पुटपुटत, पण नीट खरवडलं; मुळं वर, माती जागेवर. नवितलाईनं बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे काम बरोबर होतं. मग त्यानं ठोकायला घेतलं, त्याच त्या चालीत. आइसाकेनं एकदा गाडीचा भोंगा वाजवला. घावाची चाल बदलली नाही. दुसऱ्यांदा वाजवला. तेव्हा नवितलाई मान वर न करता म्हणाला, “आणखी एकदा वाजवलास तर या कड्यातली माती दबली असं समजून सगळं पहिल्यापासून करीन.” पुढं भोंगा गप्प.

परतताना पुलावरून पाणी जेमतेम वाहायला लागलं होतं. आइसाकेनं गाडी अशी हळू काढली, की मांडीवरच्या कड्यांना धक्का लागला नाही. ही गोष्ट नवितलाईनं पुढं कुणापाशी बोलून दाखवली नाही, पण विसरलाही नाही.

सकाळी माती वाळलेली होती. वजन, खल, चाळणी. या वेळी झाकणावर त्यानं गावाचं पूर्ण नाव ओरखडलं. बाटलीला फेस आला नाही. नाकही उघडलं होतं. ओल्या मातीचा वास आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी गणित केलं. एकदाच.

“यासिलेवू अठ्ठेचाळीस,” त्या म्हणाल्या. “वाईनिका एक्केचाळीस.”

नवितलाईनं मान हलवली आणि बाटल्या धुवायला घेतल्या. आइसाके दारात उभा होता.

“सातनं गेलो,” तो म्हणाला.

“कालच्या हिशोबानं चव्वेचाळीसनं पुढं होतास,” नवितलाई म्हणाला. आणि मग, आता वेळ योग्य आहे असं पाहून, जपून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. “तवाल्या, एक विचारायचं होतं. माझ्या यंगोनात निम्मी माती असते म्हणतोस. मग काल सगळीच माती होती तेव्हा गप्प कसा?”

मॅडम हसता हसता टेबलाला धरून खाली बसल्या. आइसाके फडकं उचलून गाडी पुसायला गेला. त्या दिवशी गाडी फार स्वच्छ झाली.

सामन्याच्या दिवशी सकाळी चांगलाच पाऊस झाला. दुपारी खेळाडू उतरले तेव्हा यासिलेवूच्या मैदानावर ओल होती, पाणी नव्हतं. पंच दोन्ही बुटांसकट धावत होते. गायनमंडळ एका रांगेत बसून, ही वाळू आमच्या हातची म्हणून शेजारच्यांना सांगत होतं. नवितलाईनं ते ऐकलं आणि परत खणायला कुणी लावलं होतं, हे सांगायचं टाळलं.

मांडवात पाहुण्यांसाठी यंगोना मांडली होती. कुटलेली नवितलाईनं, कालवायला आइसाके. रातूंनी टाळी वाजवली, करवंटी रिकामी केली आणि कपाळाला आठी घातली.

“ही ती नाही.”

“कुठली, रातू?”

“त्या दिवशी तुमच्याकडं प्यायलो ती. तिला वजन होतं. ही नुसती जिभेलाच लागते.” त्यांनी नवितलाईकडं बघितलं. “कुठली होती ती?”

मॅडम मांडवाच्या छताकडं बघायला लागल्या. नवितलाई खोटं बोलणारा माणूस नव्हता.

“इथलीच, रातू. यासिलेवूची.”

“मग आण की.”

आइसाके मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्याकडं बघत अगदी सरळ तोंडानं म्हणाला, “आणू का तवाल्या? फावडं गाडीत आहे.”

“सामना संपू दे,” नवितलाई म्हणाला. “आता तिच्यावर माणसं खेळतायत.”

रातूंना काही कळलं नाही. त्यांनी पोकळ हातांची टाळी वाजवली आणि करवंटी पुढं केली.